श्वासाचं पाणी

सलग दुसरी पाळी ओढणाऱ्या सिस्टरचे पाय ‘बाई, आता पुरे’ म्हणत होते, तेवढ्यात व्हेंटिलेटरने बोंब ठोकली. हवेला ऊब आणि ओलावा देणारी पाण्याची डबी कोरडीठाक होती, वर टांगलेली बाटली मात्र भरलेली. कुणीतरी मधल्या नळीचा चाप बंद केला होता. “मीच केला,” पेशंटची बायको सुकलेल्या ओठांनी म्हणाली. “डॉक्टर म्हणाले ना, यांना पाण्याचा थेंबही द्यायचा नाही.” सिस्टरने चाप उघडला, घशातल्या नळीतला घट्ट कफ ओढून काढला. “ते पिण्याच्या पाण्याचं, मावशी. हे श्वासासाठी. कोरड्या हवेने कफ वाळतो, नळी तुंबते, जीवावर बेततं.” हवेच्या नळीत हळूहळू धुकं धरलं. “म्हणजे यांना पाणी मिळतंय?” “मिळतंय की, प्रत्येक श्वासाला.” मावशींनी पिशवीतली कालची सीलबंद बाटली काढली. “मग आता मीही पिऊ?”