डाव्या स्पीकरमधला आवाज

"आता ऐक. आईचा श्वाससुद्धा ऐकू येईल," संजीव म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. जुन्या सीडी प्लेअरचा ट्रे सावकाश बाहेर आला.

आभा ओले हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आज तिच्या सासूबाईंची, सुहासिनीबाईंची पुण्यतिथी. वडे-खीर झाली होती, पान ठेवून झालं होतं. जेवणं आटपली की त्यांच्या शेवटच्या मैफलीची सीडी लावायची, हा घरातला दहा वर्षांचा रिवाज. एरवी ती कॉम्प्युटरच्या टिचभर स्पीकरवर वाजायची. या वर्षी संजीवने माळ्यावरून त्र्याण्णव सालचा प्लेअर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर उतरवले होते. तरसालीच्या एका कारागिराकडून लेन्स साफ करून आणली होती. प्लेअर बिघडून माळ्यावर गेला, त्यानंतर कधीतरी संजीवच्या मामाने जुन्या टेपवरून ही सीडी करून घेतली. या प्लेअरवर ती आजवर वाजलीच नव्हती.

"नव्या वस्तू नुसत्या चकचकीत," संजीव प्लेअरवर हात ठेवून म्हणाला. "हे उचलून बघ एकदा. घाम निघतो."

आभाचं लक्ष टीपॉयवर होतं. तिथे ते पत्र होतं. तीन वर्षं हंगामी शिकवल्यावर कॉलेजने तिला कायम केलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं, नको असेल तर तसं लिहून द्यायचं. नकाराचं पत्र संजीवने टाइप करून आणलं होतं. सही तेवढी राहिली होती.

"जबरदस्ती नाही हं," चार दिवस तो सांगत होता. "आईसारखं मनापासून वाटलं, तरच."

तिला शांतपणे विचार करता यावा म्हणून त्याने तीन वर्षांच्या मनालीला डभोईला आपल्या आत्याकडे नेऊन सोडलं होतं. "मीही चौथीत असताना महिनाभर होतो तिथे. मज्जा केली." मनाली खोकतच गेली. औषधाची बाटली इथे फ्रिजमध्येच राहिली. आभा दिवसातून दहादा फ्रिज उघडून ती बाटली बघायची आणि पुन्हा बंद करायची. आज सकाळी फोनवर मनालीने कधी येणार म्हणून विचारलं, "मम्मी, क्यारे आवीश?" चार दिवसांत लेक गुजरातीत वाट बघायला लागली होती.

सोफ्यावर सासरे, गोविंदराव, डोळे मिटून बसले. कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे खिशात.

"ते वाक्य आलं की सांग रे," ते मोठ्याने म्हणाले. "आणि आभा, तूही नीट ऐक. बाईचं नाव झालं होतं, रेडिओवर गायची. पण घरासाठी हसत सोडलं. मी चकार शब्द काढला नव्हता."

ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. भैरवीच्या आधी सुहासिनीबाई हसून म्हणायच्या, "मीच सोडतेय हं गाणं. अगदी मनापासून." मग टाळ्या. पाहुणा आला की गोविंदराव ते वाक्य ऐकवायचे. आभाच्या लग्नातही त्यांनी ते तिच्या आईवडिलांना म्हणून दाखवलं होतं.

सीडी सुरू झाली आणि आभा दचकली. तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. कुणीतरी पानाचा डबा बंद केला, तेही कळलं. सासूबाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. आता हात लांब केला असता तर त्यांच्या साडीला लागला असता.

"त्या दिवशी दोन माइक लावले होते," संजीव कुजबुजला. "कोण कुठे बसलंय तेसुद्धा कळतं बघ."

द्रुत संपलं. तानपुरा पुन्हा जुळवायला घेतला. कॉम्प्युटरवर इथे नुसती खरखर असायची. आज त्या खरखरीमागून, डाव्या स्पीकरमधून, एक दबका आवाज आला. गोविंदरावांचा.

"आता भैरवी. आणि ठरलंय तसं सांग लोकांना. हसत. संजू अजून डभोईलाच आहे, लक्षात ठेव."

मग एक श्वास. लांब, मध्येच अडकलेला. आणि त्यावर हसू.

"मीच सोडतेय हं गाणं. अगदी मनापासून."

टाळ्या.

संजीवने सीडी थांबवली. त्याचा चेहरा उतरला होता. क्षणभर तो चौथीतला मुलगा दिसला, परक्या ओट्यावर बसून बस बघणारा.

"आलं का रे ते वाक्य?" गोविंदरावांनी विचारलं.

"आलं, बाबा."

"कसं येतंय?"

"स्पष्ट येतंय."

गोविंदराव समाधानाने हसले. सीडी थांबली होती, तरी त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरून होती.

आभाने फ्रिजमधून औषधाची बाटली काढली, पर्समध्ये टाकली. "संजीव, चल. आत्ताच जाऊन आणू तिला. ऐकलंस ना तू? तुलाही तिथे..."

संजीवने मान हलवली. ऐकलं होतं. तो वडिलांकडे बघत राहिला, त्या हलणाऱ्या बोटांकडे. मग वाकला आणि सीडी थोडी मागे नेली. पुरुषाचा आवाज ओलांडून, नेमकी आईच्या वाक्यावर आणून सोडली. ती पुन्हा हसली. पुन्हा टाळ्या झाल्या.

त्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि आभापुढे धरलं.

"अशीच हसत सही कर," तो हळूच म्हणाला. "पाचच्या बसने मनालीला आणतो."