मक्याची पिल्लं

डुकराचं शेवटचं पिल्लू पोत्यात घालून काट्याला लटकवलं, आणि शालूनं काट्याऐवजी सासऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. श्रीपतीनं आकडा भिंतीवर खडूनं लिहिला.

"मक्याची पिल्लं भारी भरली. एकेक पिल्लू किलोभर जास्त," तो म्हणाला. "तुझा पाव हारला, पोरी. आता शब्द पाळ."

शब्द साधा होता. सुनेनं आठ वर्षांपूर्वी डुकरं पाळली, तेव्हापासून श्रीपती बदनापूरच्या बाजारात मान खाली घालून फिरे. त्यात मका महागला. शेड मोडायला त्याला निमित्तच हवं होतं. शालू म्हणाली, बेकरीतला शिळा पाव आणि केक वाळवून कुटू, त्यात ज्वारीची कणी घालू. दूध तुटलेल्या पिल्लांना मक्याइतकीच ताकद येईल. पेंड दोन्हीकडं सारखी. आठ पिल्लं मक्यावर, आठ पावावर, अठ्ठावीस दिवस. पावाची पिल्लं मागं पडली तर सगळीच्या सगळी व्यापाऱ्याच्या टेम्पोत जायची.

म्हातारा बेरकी. "ज्यानं मिसळलं त्यानं घालायचं न्हाई," अशी त्याची अट. मक्याचं मिश्रण तो करणार, पावाचं शालू करणार. शेडात दोघांनीही पाय टाकायचा नाही. दोन्ही डबे केदार घालणार. शालूनं हसतच मान्य केलं. केदार तिचा नवरा. डोळे झाकून विसंबावं असा माणूस. फक्त बापापुढं त्याची दातखीळ बसायची, पण इथं बोलायचं काय होतं? डबे तर घालायचे होते.

आता हरली ती हरली. रडून कुणाचं भलं झालंय? जाणारी पिल्लं स्वच्छ जागेतून जावीत म्हणून शालू मक्याच्या कप्प्यातली गव्हाण घासायला बसली. कोपऱ्यात लाल-हिरवं काहीतरी चिकटलं होतं. नखानं खरवडलं. टूटीफ्रूटी. बेकरीच्या केकात असते ती. हा केक तिनं स्वतःच्या हातानं कुटला होता.

ती तशीच ओल्या हातानं हौदावर गेली. केदार पाय धूत होता.

"हे मक्याच्या गव्हाणीत कसं आलं?"

त्यानं पाहिलं आणि नजर चोरली. "पहिल्या दिवसापासून डबे उलटे घालून राह्यलो," तो हळूच म्हणाला. "पावानं पिल्लं वाळतील असं वाटलं मला. तू हारू न्हाई म्हणून तुझ्या पिल्लांला मका घातला."

सासऱ्याचा शालूवर भरवसा नव्हता, ते तो तोंडावर बोलत होता. ह्यानं मात्र अठ्ठावीस दिवस रोज तिच्या हातून डबा घेतला, रोज हसला, आणि तिच्या हुशारीवर त्याचा एक दिवसही विश्वास नव्हता. परक्यानं फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

मग तिच्या डोक्यात लख्ख झालं. मक्याची म्हणून जी आठ पिल्लं भारी भरली, ती तर रोज पाव खात होती. म्हणजे ती हरलीच नव्हती. तिनं राग गिळला, केदारचा हात धरला आणि त्याला ओढतच ओसरीवर नेलं. श्रीपती व्यापाऱ्याला फोन लावत होता.

"मामा, थांबा जरा. डब्यांची अदलाबदल झाल्ती. ह्यांनाच इचारा."

श्रीपतीनं फोन खाली घेतला. सुनेच्या तळहातावरच्या लाल-हिरव्या तुकड्यांकडं पाहिलं, मग लेकाकडं.

"का रे? डबे बराबर घातले व्हते ना?"

केदारनं आपला हात तिच्या हातातून हळूच सोडवून घेतला.

"बिलकुल बराबर, दादा."