मडक्याच्या तळाशी

"कारखान्याचा माल खराब निघाला!" भाऊरावांनी फळीवर खोकं आपटलं. "वाट लागली रे सहदेव. परवा एका गिऱ्हाइकाचा हात भाजला. विझलाय म्हणून भुईनळा उचलायला गेला बिचारा."

सहदेवने चेहरा जमेल तितका दुःखी केला. आतून मात्र त्याला उकळ्या फुटत होत्या. १९८३चं नवरात्र होतं, आणि घाटकोपरच्या त्या दुकानात उभं असताना बऱ्याच वर्षांनी त्याला देव आपल्या बाजूचा वाटला.

"ओली दारू भरत असणार," तो म्हणाला. "अर्धी जळते, अर्धी आत धुमसत राहते."

"मला काय कळतंय त्यातलं?" भाऊराव म्हणाले. हे मात्र खरं होतं. दम्यामुळे ते दिवाळीभर दारं-खिडक्या लावून घरात बसत. जन्मभर फटाके विकले, पण उडवला एकही नाही.

"कंपनीच्या माणसाला दम द्या, भाऊराव. हे भुईनळे कोण भरतो ते शोधा म्हणावं, आणि पहिला त्याला घरी बसवा. असल्यांच्या हाती दारू देतात?"

"सांगतो. आणि पुढच्या साली तुझाच माल घ्यावा म्हणतो."

सहदेव मरोळपर्यंत बसमध्ये उभाच आला, पण पाय दुखले नाहीत.

एके काळी त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दसऱ्यापासून पाय ठेवायला जागा नसे. मातीची मडकी, रुईचा कोळसा, लोखंडाचा कीस. मरोळ काय, अंधेरीपर्यंत लग्नाच्या वराती त्याच्याच भुईनळ्यांनी उजळायच्या. मग रंगीत वेष्टनातला कारखान्याचा माल आला. तो स्वस्त होता, दिसायला झकास होता, आणि नव्या इमारतींतल्या लोकांना मडकं गावंढळ वाटायला लागलं.

त्यांना काय ठाऊक, सहदेवच्या मडक्याच्या तळाशी काय असायचं! सगळ्यात खाली पांढऱ्या दारूची चिमूट, तिच्यावर मातीचा पापुद्रा, आणि मग वरची सोनेरी दारू. सोनं जळून जायचं, अंधार व्हायचा, आणि मग एकच पांढरं फूल सरळ वर चढायचं. जुनी माणसं त्यासाठी जागची हलत नसत. पापुद्रा जाड झाला तर फूल आतच मरतं, पातळ झाला तर घाईने येतं. ते माप सहदेवच्या बापाच्या बोटात होतं, मग सहदेवच्या, मग त्याच्या मुलाच्या, लवूच्या. चौथं बोट नाही.

लवू पाच वर्षांपूर्वी भांडून गेला. "मडक्यात माती भरत मरायचं नाही मला," म्हणाला. सहदेवही चिडून बोलला, "जा, परत तोंड दाखवू नकोस." पोराने ते मनावर घेतलं. ना पत्र, ना निरोप.

तेव्हापासून सहदेव शेडला चिकटून होता. मागच्याच खोलीत तो आणि त्याची बायको वनमाला राहायचे. मालकाला ती जागा लेथवाल्याला द्यायची होती. पण धंदा चालू असेपर्यंत काढणार नाही, असा त्याचा शब्द होता.

"शेड गेली आणि लवू इलो, तर आमका खय शोधतलो?" वनमाला दर सणाला विचारायची.

"म्हणान तर सोडूक नाय," सहदेव सांगायचा.

दिवाळी संपली, आणि भाऊरावांनी त्याला बोलावून घेतलं.

"कंपनीचा माणूस आला होता. चारी बाजूंनी तक्रारी, म्हणून त्यांनी शोध घेतला. एकच कामगार निघाला. मुद्दाम करायचा म्हणे, सांगूनही ऐकेना. हाकलला त्याला."

"बरं झालं," सहदेव म्हणाला.

"तुझ्यामुळेच झालं. आता पुढच्या साली सगळे भुईनळे तुझे. आणि हे उरलेलं खोकं घेऊन जा बाबा, पाण्यात बुडव नाहीतर काय कर."

खोकं काखेत मारून सहदेव घरी आला. त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं. वनमालाने पत्र्याच्या डब्यातल्या तुळशीला ऊस बांधले होते. सहदेवने शेड राहिल्याची बातमी सांगितली, तेव्हा ती आधी हसली आणि मग पदर डोळ्यांना लावून रडली. लवूला आता घर सापडणार होतं.

मंगलाष्टकं झाली. तिन्हीसांज झाली होती.

"आपलो एकय नाय ठेवलास?" तिने विचारलं.

"सगळे विकले. ह्यो कारखान्याचो लावतंय. बघूया तरी, किती वाईट ता."

त्याने वात पेटवली आणि तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसला. भुईनळा उडाला. बरा होता. फिकट सोनेरी, थोडा बुटका, आणि लवकरच आटोपला. अंगणात अंधार झाला.

"ऊठ गो," सहदेव म्हणाला. "विझलो तो."

वनमाला उठली नाही. इतक्या वर्षांची सवय, ती तशीच बसून राहिली, अंधारात बघत.

आणि एकच पांढरं फूल, तुळशीला बांधलेल्या उसांच्याही वर, सरळ चढत गेलं.