आधी केटली

जनरेटर दोन मिनिटं धडधडला आणि पुन्हा आपोआप बंद पडला. हाल्वोरने धुराच्या नळीखाली धरलेला हात मागे घेतला. हात कोरडाच होता. अख्ख्या समुद्रात उभी असलेली बोट, आणि तिच्या यंत्राला थंड व्हायला घोटभर पाणी मिळू नये.

सकाळपासून त्याने काय करायचं बाकी ठेवलं नव्हतं. गाळणी उघडली, तर शेवाळाचा धागासुद्धा निघाला नाही. पंप खोलला. आतल्या रबरी पंख्याची पाती कोरडी फिरून फाटली होती. त्याने तुकडे वेचून मोजले आणि नवा पंखा बसवला. तरी पाणी नाही. शेवटी पाणी आत आणणारी नळी सोडवून तिला तोंड लावून फुंकलं, तर हवा जाईना. म्हणजे बोटीच्या बुडाशी असलेल्या भोकात शिंपल्यांनी घर केलंय, असं त्याने ठरवून टाकलं. जहाजांवर चाळीस वर्षं इंजिनं सांभाळलेला माणूस. त्याने ठरवलं म्हणजे ठरलं.

शिंपले खरवडायचे तर बोट क्रेनने उचलायला हवी, आणि क्रेन बुधवारी मिळणार होती. वारा पडणार होता तो उद्या, रविवारी. एकच दिवस. मग ऑक्टोबरची वादळं, मग हिवाळा. त्याच्या बायकोची, मारितची रक्षा हेस्तहोल्मेन बेटापलीकडे सोडायची होती. तिने तेवढंच मागितलं होतं. परवानगीचा कागद खिशात होता. कलश तिच्या नेहमीच्या जागी, टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला, दोरीने बांधून ठेवला होता. पण जनरेटरशिवाय ना हीटर, ना रडार. असं निघणं म्हणजे मरणाला आवतण देणं.

मार्चमध्ये ती गेली. त्यानंतर तो आज पहिल्यांदा बोटीवर आला होता. घर परवडलं म्हणायची पाळी आली. घरात निदान फ्रीज तरी गुणगुणतो.

गेल्या सप्टेंबरपर्यंत इथे पाऊल टाकलं की मारित आधी ओट्याखालच्या कपाटात डोकं घालायची. "थांब, आधी केटली," म्हणायची. हाल्वोर बटणावर अंगठा ठेवून ताटकळायचा. "अगं बाई, शेगडी विजेवर चालते. मशीन लावल्याशिवाय तुझी केटली तापणार कशी?" तीस वर्षं हाच टोमणा. ती हूं की चूं करायची नाही. मग कपाटातून आवाज यायचा, "लाव आता." आणि तो लावायचा.

शेजारच्या धक्क्यावरचा एगिल दुपारी होडी वल्हवत आला. मशीन सारखं सुरू होऊन बंद पडतंय हे त्याने तिकडून ऐकलं होतं.

"तळाचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना?" त्याने चढता चढताच विचारलं.

हाल्वोरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह पाहिलास का, हे त्याला विचारायचं? "तो मी तीस वर्षांत कधी बंद केलेला नाही."

"केलास का ते नाही विचारलं. उघडा आहे का, ते विचारलं."

"भित्रे लोक बंद करतात. नळी फुटेल, बोट बुडेल म्हणून ज्यांना घरी झोप लागत नाही ते. पलीकडची बोट बुडाली तेव्हा मारितचंही सुरू झालं होतं, निघताना बंद करत जाऊ या म्हणून. मी सांगितलं, उघडायला विसरशील आणि यंत्र जाळशील. बंद करायचाच तर नियम आहे. किल्लीशिवाय बटण चालत नाही, ती किल्ली त्या दांड्याला टांगून ठेवायची, म्हणजे विसरायची सोयच राहत नाही. आणि किल्ली माझ्या खिशात असते. विषय संपला."

"तुझ्यापुढे कुणाचा विषय टिकलाय," एगिल म्हणाला. "बघ तरी एकदा."

"ओट्याखाली आहे तो. तिच्या भांड्यांमागे." हाल्वोर थर्मासचं झाकण फिरवू लागला. "ते कपाट मला उघडायचं नाही."

हाल्वोरने थर्मासमधून ओतून दिलेल्या कॉफीचा एगिलने एक घोट घेतला आणि उरलेली समुद्रात ओतली.

"ही कॉफी आहे की गंजाचं पाणी? केटली दे. माझ्याकडे गॅस आहे, ताजी करून आणतो."

आता नाही कसं म्हणणार? हाल्वोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाट उघडलं. आतून वेलदोड्याचा वास आला. ती बनपावात घालायची तो. त्याला आत बघवेना. त्याने तोंड फिरवून नुसताच हात घातला. केटली हाताला लागली, पण सुटेना. तिची कडी मागे कशात तरी अडकली होती. शेवटी त्याने टॉर्च लावला.

व्हॉल्व्हचा दांडा आडवा होता. आडवा म्हणजे बंद. आणि त्या दांड्याला केटली टांगलेली होती.

तीस वर्षं ती तो येताना उघडत आणि जाताना बंद करत आली होती, दर खेपेला. आणि तो वर बसून शेगडी कशी चालते ते तिला शिकवत होता.

"सापडली का?" एगिलने वरून विचारलं.

हाल्वोरने केटली काढली. दांडा सरळ केला. नळीत पाणी शिरल्याची गुळगुळ ऐकू आली. मग त्याने केटली भरून शेगडीवर ठेवली, खिडकीकडच्या जागेसमोर जाऊन बसला आणि बटणावर अंगठा ठेवला.

एगिल बघत राहिला. मिनिट गेलं, दोन गेली.

"अरे, लाव की. कशाची वाट बघतोस?"

"थांब," हाल्वोर म्हणाला. "तिने अजून सांगितलं नाही."