किडे बघायला पाहुणे

रानात शिरल्याबरोबर भक्तीला औषधाचा उग्र वास आला आणि ती जागीच थांबली. मागून कॉलेजचा महागडा कॅमेरा सांभाळत महारुद्र सर येत होते. देवगाव फाट्यावर उतरल्यापासून त्यांना नाकतोडे बघायची घाई झाली होती.

भक्तीचे वडील, किशनराव, बांधावरच उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळे लालभडक, आणि तोंडावर लेकीच्या लग्नात असावा तसा आनंद.

"या सर, या! कुठं बी बघा. एक किडा घावायचा न्हाई."

सर भक्तीकडे बघत राहिले.

"आबा, फवारलं का तुमी?"

"मग! कापूस, सोयाबीन, बांध, कायबी सोडलं न्हाई. सकाळधरनं पंप पाठीवर व्हता. तूच म्हन्लीस ना फोनवर, सर किडे बघायला यायलेत म्हनून? पाव्हना येनार म्हनल्यावर अंगन झाडतोच की मानूस."

शेतकऱ्याला 'किडे बघायला कुणी येतंय' असं सांगणं म्हणजे घराची झडती घ्यायला येतंय म्हणण्यासारखंच. शहरात राहून भक्ती एवढं साधं विसरली होती. आजूबाजूच्या बांधांवर तणनाशक मारून मारून गवत उरलं नव्हतं. गवत होतं ते फक्त किशनरावांच्या बांधावर, आणि त्यावरून सगळं गाव त्यांना आळशी म्हणायचं. त्या गवतात पाय टाकला की नाकतोडे टणाटण उडायचे. म्हणून तर त्यांची उडी कॅमेऱ्यात टिपायला तिनं सरांना मोठ्या तोऱ्यात इथं आणलं होतं.

सर काहीतरी बोलणार, तेवढ्यात भक्तीनं डोळ्यांनीच त्यांना नको म्हणून सांगितलं.

"बरं केलं आबा," ती म्हणाली.

"आता तुझं यंत्र दाव की मला. लय ऐकलंय."

तिनं पिशवीतून डबा काढला. आत काडेपेटीएवढं यंत्र होतं, मागचे पाय लांब, तारेचे. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात उड्या मारत शिरायचं आणि खाली कोणी जिवंत आहे का त्याचा कानोसा घ्यायचा, असं त्याचं काम. तिनं ते पायवाटेवर ठेवून बटण दाबलं. यंत्रानं पुरुषभर उंच उडी घेतली, खाली आलं, उताणं पडलं आणि पाय झाडत राहिलं.

"हेच आबा. उडी झकास मारतंय, पण पडताना अंग सावरत न्हाई. ते जमलं न्हाई तर स्पर्धेला दुसऱ्या पोरांचं यंत्र जाणार."

किशनराव खळखळून हसले.

"अगं, ह्यो तर नाकतोडा! पर नाकतोडा असा पडत न्हाई, बाई. तो कसा उतरतो ते मला इचार. थांब, आत्ता एक धरून आनतो."

"आबा, ऱ्हाऊ द्या."

पण ते निघालेच. बांधावरच्या गवतातून त्यांनी पाय फिरवला. काही उडालं नाही. चार पावलं पुढं जाऊन त्यांनी पुन्हा पाय फिरवला. मग ते थांबले. त्यांनी वळून सरांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. भक्तीनं मान खाली घातली. तिला त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

किशनराव गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी गवत चाचपू लागले. बराच वेळ ते तसेच होते. टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. सर पुढं जायला निघाले, तर भक्तीनं त्यांची बाही धरली.

किशनराव परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक हिरवा नाकतोडा होता. पाय पोटाशी आखडलेले. मेलेला.

"असा... असा उडतो बघ," ते म्हणाले आणि त्यांनी हात वर झटकला. नाकतोडा वर गेला आणि मातीत पडला. त्यांनी तो वाकून उचलला, फुंकर मारून साफ केला आणि पुन्हा तळहातावर ठेवला.

"सर, तुमचा कॅमेरा चालू करा," ते म्हणाले. "मी उडवत ऱ्हातो."