तीन बोटं फट

बाबांची जुनी स्पोर्ट्स गाडी वळणावर इतकी झुकायची की आईला हमखास गाडी लागायची. "स्प्रिंगा बदलतो, मग बस," असं म्हणता म्हणता बाबाच गेले.

काल मी कडक स्प्रिंगा बसवल्या. चाक आणि मडगार्डमधली फट बाबा बोटांनी मोजायचे, तशीच मोजली. चारही चाकांना तीन बोटं.

आज आईला शेजारी बसवलं आणि टेकडीचा वळणांचा रस्ता धरला. गाडी रस्त्याला चिकटून पळाली. आई लहान पोरीसारखी खिदळत होती. "अजून जोरात घे गं!"

घरी येऊन दोघी उतरलो. मी पुन्हा बोटं घालून पाहिली. सगळीकडे तीन, मागच्या डाव्या चाकाला मात्र जेमतेम दोन.

"एवढ्यात स्प्रिंग बसली?" मी वाकून पाहिलं. स्प्रिंग ठणठणीत होती, फक्त दाबलेली.

आईने मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि ती गालातल्या गालात हसली.

"नाही हो लागली गाडी," ती म्हणाली. "उतरा आता."

माझी दोन बोटं अजून फटीतच होती. गाडी हळूच वर उचलली गेली आणि तिसरं बोट अलगद आत गेलं.