बी साइड दुर्गाची

कॅसेट निघाली ती ट्रंकेच्या तळातून, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली. तिच्यावर दुर्गाच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बी साइड – दुर्गा'. छत्तीस वर्षांपूर्वी ही कॅसेट हरवली होती. निदान चांगदेवने तिला तसं सांगितलं होतं.

चांगदेवला जाऊन अकरा दिवस झाले होते. दुर्गाच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नव्हता. महूजवळच्या राऊ गावातल्या स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी वावरत होती. उद्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. विहारातल्या मंजुषाताई सांगून गेल्या होत्या, "नवऱ्याबद्दल दोन शब्द बोला." दुर्गाने मान हलवली होती. पण बोलायला आत काही हलायला तर हवं!

ट्रंक आवरणारी दीक्षा, तिची मुलगी, एकदम खूश झाली. "मम्मी, कपाटावर तो टू-इन-वन पडलाय ना? लावून बघू क्या? चला तो चला, नाही तर नाही!"

लग्नानंतर आठव्या दिवशी चांगदेव पलटणीत परत गेला होता. महूच्या घरी त्याचं पत्र आलं की दीर मोठ्याने वाचायचा आणि शेजारणीसुद्धा ऐकायला बसायच्या. म्हणून पहिल्या रजेत त्याने कॅन्टीनमधून हा रेडिओ-टेपचा सेट आणला आणि एक कोरी कॅसेट. ए साइड घरच्यांची, बी साइड दुर्गाची. रजेवर येणाऱ्या-जाणाऱ्या जवानांच्या हातून ती फिरायची. त्याचं ऐकून झालं की त्यावरच आपलं भरायचं आणि धाडून द्यायचं. कुणाचंच बोलणं दोन-तीन महिन्यांपलीकडे टिकत नसे. पण समोर असला की मुखदुर्बळ असणारा हा माणूस बी साइडवर मात्र मोकळा होई.

एकदा दिराने सासूने भरून ठेवलेल्या जयंतीच्या गाण्यांवर क्रिकेटची कॉमेंट्री भरली आणि घरात रणकंदन माजलं. तेव्हा रजेवर आलेल्या चांगदेवने चाकूने त्या गाण्यांच्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा चिमुकला तुकडा मोडून दाखवला होता. दोन साइडचे दोन तुकडे. "हा मोडला की रेकॉर्डचं बटण दबतच नाही. मग कुणी काही पुसू शकत नाही."

मग एक दिवस जाऊबाईंनी काडी घातली. "भावजींना हे लग्न करायचंच नव्हतं. मामंजींनी जबरदस्ती केली." दुर्गाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने बी साइड भरली आणि पाठवली.

ती परत आलीच नाही. चार महिन्यांनी चांगदेव आला. तिने विचारलं, "कॅसेट?"

तो बुटाच्या नाड्या सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "हरवली."

दुर्गाला जे समजायचं ते समजलं. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. सरकारी नोकरीसारखा संसार केला, एका दिवसाचा खाडा नाही. तो वाईट नव्हता. ती काही मागत नव्हती. दिवस जात होते.

दीक्षाने सेल घातले आणि सेट चक्क चालला. आधी खरखर, मग एका पोरीचा आवाज. बकरीने सासूबाईंच्या चष्म्याची दोरी खाल्ली, बोअरिंगवर पाण्यासाठी कुणाची भांडणं झाली, पहिल्यांदा पुरण केलं ते कसं पातळ झालं. पोर बोलत होती, मध्येच खुदकन हसत होती.

"मम्मी, ही तू?" दीक्षा बघतच राहिली. "इतकी बडबड करायचीस?"

अर्धा तास ते बोलणं चालू होतं. अगदी शेवटी आवाज खाली आला.

"एक विचारू? मी पसंत आहे का तुम्हाला? का गळ्यात बांधली म्हणून निभावताय? पसंत असेन तर एवढंच भरून पाठवा, 'आहे'. दुसरं काही न–"

खट्. टेप संपली.

म्हणजे कॅसेट त्याला मिळाली होती. त्याने ऐकली होती, मोज्यात लपवली होती आणि तोंडावर खोटं बोलला होता. एक शब्द मागितला होता तिने, तोही जड झाला. अकरा दिवसांत पहिल्यांदा दुर्गाला काहीतरी वाटलं. राग आला.

"पुसून टाकते," ती म्हणाली.

"मम्मी, नको ना!"

दुर्गाने टेप मागे घेतली आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. बटण हललं नाही. तिने दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. तरी नाही.

"जाम आहे ते. इतका पुराना सेट!" दीक्षा म्हणाली.

दुर्गाने कॅसेट बाहेर काढली आणि पाठीकडून पाहिली. ए साइडचा तुकडा जागेवर होता. बी साइडच्या जागी चौकोनी भोक होतं. चाकूने मोडून कडा नीट घासल्या होत्या, हाताला लागू नये इतक्या.

तिने त्यावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"सेट चांगला आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "तुझ्या पप्पांना उत्तर भरायचं, तर माझं बोलणं पुसावं लागलं असतं."